धन आयन धन टोकाकडे का जातो? विद्युतरसायन शिकताना होणारे गैरसमज

प्रश्न थोडक्यात असा आहे. कनिष्ठ महाविद्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या एका शिक्षिका लिहितात की, बारावीचे त्यांचे विद्यार्थी घटाच्या विभवाची गणिते बिनचूक सोडवतात आणि द्रावणांच्या संहतीवरून घटाचे विभव देणारे नर्न्स्टचे समीकरणही त्यांना पाठ असते. मात्र डॅनिएल घटाची (एका पेल्यात जस्ताची पट्टी, दुसऱ्यात तांब्याची, प्रत्येक आपापल्या क्षाराच्या द्रावणात) आकृती देऊन इलेक्ट्रॉनचा मार्ग बाणाने दाखवायला सांगितला, की बरेच जण तो तारेतून पलीकडे नेतात आणि दोन पेल्यांतील द्रावणे जोडणाऱ्या क्षारसेतूतून परत आणतात. अ‍ॅनोड धन की ऋण, यावर तर वर्गात कायमचा वाद आहे. असे का होते आणि शिकवण्यात नेमके काय बदलावे, असे त्यांनी विचारले आहे.

गणित बरोबर आणि आकृती चूक, यात मला विसंगती दिसत नाही. तांब्याच्या ०.३४ मधून जस्ताचे उणे ०.७६ वजा करून १.१० व्होल्ट हे उत्तर काढायला इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो हे ठाऊक असावे लागत नाही. प्रमाण विभवांच्या तक्त्यातील दोन आकडे आणि एक सूत्र पुरते. आपल्या परीक्षा, विशेषतः प्रवेश परीक्षांचे बहुपर्यायी प्रश्न, प्रामुख्याने ही वजाबाकीच तपासतात, त्यामुळे गैरसमज गुणपत्रिकेत कधी उमटतच नाही. एका वर्षी मी घटक चाचणीतील नेहमीच्या गणिताखाली एकच ओळ वाढवली होती: क्षारसेतूत पोटॅशिअम क्लोराइड असेल, तर घट तासभर चालल्यानंतर जस्ताच्या पेल्यातील ऋण आयनांची एकूण संख्या वाढेल, घटेल की तेवढीच राहील? गणितात पूर्ण गुण मिळवणाऱ्या मुलांनी तिथे जी उत्तरे लिहिली, ती वाचल्यानंतर या प्रकरणाची माझी शिकवण्याची पद्धत बदलली. एकाने लिहिले होते की ऋण आयन संपत जातात, कारण त्यांचेच इलेक्ट्रॉन तारेतून जातात. दुसऱ्याने लिहिले की संख्या तेवढीच राहते, कारण सेतू हा फक्त विद्युतधारेसाठी असतो. संख्या वाढते हे बरोबर उत्तर लिहिणाऱ्यांपैकीही जस्ताच्या नव्या आयनांचा धन भार तोलण्यासाठी सेतूतून क्लोराइड खाली उतरतात, हे कारण फार थोड्यांनी दिले.

हे दोष आपल्याच मुलांचे आहेत असेही नाही. ऑस्ट्रेलियात पामेला गार्नेट आणि डेव्हिड ट्रीगस्ट यांनी १९९२ मध्ये, आणि अमेरिकेत मायकेल सँगर आणि टॉमस ग्रीनबो यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत इलेक्ट्रॉन द्रावणातून वाहतो ही समजूत ठळकपणे आढळली होती. तरीही आपल्याकडच्या गोंधळाला एक खास मराठी पदर आहे, आणि त्याच्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या अनुभवात निम्मा गुंता तिथेच असतो.

शाळेत आपण अ‍ॅनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतो. विद्युत अपघटन, म्हणजे बाहेरून वीज देऊन द्रावणात अभिक्रिया घडवणे, शिकवताना हे शब्द चपखल बसतात, कारण तिथे अ‍ॅनोड बॅटरीच्या अधिक टोकाला जोडलेला असतो. पण त्याच शाळेत, भौतिकशास्त्राच्या तासाला, विजेरीच्या कोरड्या घटाच्या अधिक टोकालाही धन अग्रच म्हटले जाते. आता हा घट रसायनाच्या नजरेने पाहा. मधली कार्बनची कांडी हे त्याचे धन टोक. पण विद्युतधारा देताना क्षपण, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणे, तिथेच होते, म्हणजे ती कॅथोड ठरते आणि मराठी परिभाषेप्रमाणे ऋणाग्र. बाहेरचे जस्ताचे भांडे ऋण टोक, पण ऑक्सिडीकरण, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणे, तिथे होते, म्हणून धनाग्र. एकाच वस्तूला एका तासाला धन अग्र आणि दुसऱ्या तासाला ऋणाग्र म्हणायला लावल्यावर मूल गोंधळले, तर दोष मुलाचा नाही. अकरावीला विज्ञान शाखेत ही मुले इंग्रजी पाठ्यपुस्तकाकडे वळतात, तेव्हा अ‍ॅनोड हा शब्द त्यांच्या मनात धनाग्र या शब्दाचा अनुवाद होऊन बसतो आणि सोबत अधिक चिन्ह घेऊनच येतो. डॅनिएल घटात अ‍ॅनोड ऋण असतो, हे वाक्य त्यांना धन हे ऋण असते असे ऐकू येते. ते पाठ करतात, पण त्यावर विश्वास ठेवत नाहीत.

मूळ शब्दांत चिन्ह नव्हते, हे मुलांना आवर्जून सांगावे. मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये हे शब्द वापरात आणले, तेव्हा त्यांनी केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांचा सल्ला घेतला होता. धन आणि ऋण या कल्पनांवर विसंबणारी नावे फॅरडे यांना नको होती, कारण विद्युतधारा म्हणजे नेमके काय याविषयीचे मत पुढे बदलले तरी नावे टिकावीत अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी सूर्याच्या वाटेचा आधार घेतला: अ‍ॅनोड या शब्दाचा ग्रीक अर्थ वर जाण्याची वाट, म्हणजे उगवतीची बाजू, आणि कॅथोडचा अर्थ खाली जाण्याची वाट, म्हणजे मावळतीची. विद्युतधारा ज्या पृष्ठभागातून द्रावणात शिरते तो अ‍ॅनोड आणि जिथून ती द्रावणाबाहेर पडते तो कॅथोड, अशी ती व्याख्या आहे. रूढ विद्युतधारेची दिशा घेऊन ती तपासून पाहिली, तर विद्युत अपघटनात आणि डॅनिएल घटात ती सारखीच लागू पडते. आपल्याकडे परिभाषा घडवताना उदयाग्र आणि अस्ताग्र असे शब्द घेतले असते, तर माझ्यासारख्या शिक्षकांचे बरेच श्रम वाचले असते. आता ते शब्द रुळवण्याचा हट्ट मी करणार नाही. पण बारावीत धनाग्र आणि ऋणाग्र हे शब्द बाजूला ठेवून अ‍ॅनोड आणि कॅथोड हेच वापरावेत, आणि तसे का करतो हे पहिल्याच तासाला उघडपणे सांगावे, असे माझे मत आहे.

चिन्ह मग कुठून येते? डॅनिएल घटात जस्त स्वतःहून आयनरूपाने द्रावणात उतरते आणि आपले इलेक्ट्रॉन पट्टीवर मागे ठेवते, म्हणून ती पट्टी ऋण होते. इथे आधी अभिक्रिया आणि मागाहून चिन्ह. विद्युत अपघटनात बाहेरचा स्रोत एका इलेक्ट्रोडमधून इलेक्ट्रॉन खेचून घेतो, तो इलेक्ट्रोड धन होतो आणि त्यामुळे तिथे ऑक्सिडीकरण घडते. इथे आधी चिन्ह आणि मागाहून अभिक्रिया. हा क्रम एकदा उमगला की पाठ करण्याजोगे फारसे उरत नाही.

याच ठिकाणी शिकवणी वर्गांतील एका लोकप्रिय युक्तीविषयी लिहिले पाहिजे. लेफ्ट, ऑक्सिडेशन, अ‍ॅनोड, निगेटिव्ह या चार शब्दांची आद्याक्षरे जोडून लोन हा शब्द मुलांना दिला जातो. चारही गोष्टी एका दमात लक्षात राहतात हे खरे, पण त्या चार एका दर्जाच्या नाहीत. ऑक्सिडेशन आणि अ‍ॅनोड यांचे नाते व्याख्येचे आहे आणि ते कधीच तुटत नाही. निगेटिव्ह हे परिस्थितीवर अवलंबून आहे. स्रोत बाहेरचा असला की ते उलटते. लेफ्ट हा तर केवळ घट कागदावर लिहिण्याचा संकेत आहे. टेबलावरचा पेला उजवीकडून डावीकडे सरकवला म्हणून रसायन बदलत नाही, तरीही आकृतीत जस्त उजवीकडे काढून दिले की काही मुले तांब्याला अ‍ॅनोड ठरवतात. व्याख्या, परिस्थिती आणि संकेत यांची अशी एकच मोळी बांधून दिली, की मुलाला त्यातली कोणती काडी केव्हा मोडते हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

आता क्षारसेतू. इथला गैरसमज मात्र तर्कशुद्ध आहे. विद्युतधारा म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रवाह असे मुलांनी शाळेत शिकलेले असते, आणि विद्युत परिपथ बंद असल्याशिवाय धारा वाहत नाही हेही ते शिकलेले असतात. ही दोन वाक्ये जोडली की इलेक्ट्रॉनने द्रावणातून आणि सेतूतून परत आलेच पाहिजे, हा निष्कर्ष आपोआप निघतो. त्यात सेतू हा शब्दच असा, की त्यावरून कोणीतरी पलीकडे जात असणार असे वाटावे. दुरुस्ती पहिल्या वाक्यात करायची आहे: विद्युतधारा म्हणजे भाराचा प्रवाह, धातूत तो भार इलेक्ट्रॉन वाहतात, द्रावणात आयन वाहतात, आणि धातू व द्रावण जिथे भेटतात तिथे भाराचा वाहक बदलतो. हे वाहक बदलणे म्हणजेच ऑक्सिडीकरण आणि क्षपण. सोडिअम द्रवरूप अमोनियात विरघळवले की मोकळे इलेक्ट्रॉन द्रावणात राहतात आणि गडद निळा रंग देतात, हे मी हुशार मुलांना सांगतो. पण पाण्यात असा इलेक्ट्रॉन क्षणभरही टिकत नाही, तो लगेच कशाशी तरी अभिक्रिया करतो.

प्रयोग साधा आहे. गाळणकागदाची कोरडी पट्टी दोन्ही पेल्यांत टेकवावी आणि ती ओली होण्याच्या आत मीटर पाहावा. मग पोटॅशिअम नायट्रेटच्या द्रावणात भिजवलेली पट्टी ठेवावी, की सुमारे १.१ व्होल्ट दिसतात. त्यानंतर एखादा विद्यार्थी हमखास विचारतो की कागदाऐवजी तांब्याची तार ठेवली तर? अवश्य ठेवून पाहावी, पण उत्तराची तयारी आधी करून ठेवावी. तार सेतू होऊ शकत नाही, म्हणून मीटर शून्य दाखवेल, असे बेधडक सांगणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि एकेकाळी मीही तसेच सांगत असे. मीटरवर आकडा येतोच, मात्र तो १.१० नसतो. कारण तारेचे प्रत्येक टोक स्वतःच एक इलेक्ट्रोड बनते: जस्ताच्या पेल्यात तांब्याच्या टोकावर पाण्याचे किंवा विरघळलेल्या ऑक्सिजनचे क्षपण होऊ शकते, आणि तांब्याच्या पेल्यात तारेचेच तांबे विरघळू लागते. इलेक्ट्रॉन तारेतून जातात हे खरे, पण तारेत शिरताना आणि तारेतून निघताना दोन्हीकडे नवी अभिक्रिया घडावी लागते. भिजलेल्या कागदात तसे काही करावे लागत नाही, आयन सरळ आत जातात आणि बाहेर येतात. हा फरक मुलांना दिसला, की सेतूचे काम वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सेतूबद्दलची दुसरी समजूत अधिक सूक्ष्म आहे आणि ती अनेक पुस्तकांच्या शब्दरचनेतून येते: द्रावणे भारित होतात आणि मग सेतू त्यांना उदासीन करतो. या वाक्यातला मग हा शब्द घातक आहे. द्रावण आधी भारित होऊन नंतर उदासीन होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालतात आणि द्रावण व्यवहारतः सतत उदासीनच असते. पाच सेंटिमीटर त्रिज्येचा एक गोल पेला कल्पून ढोबळ हिशेब केला, तर त्याचे विभव एका व्होल्टने बदलायला साधारण ६ पिकोकुलोम भार पुरतो, म्हणजे जेमतेम साडेतीन कोटी एकभारी आयन. एक मोलर द्रावणाच्या १०० मिलिलिटरमध्ये विरघळलेल्या क्षाराचे नुसते धन आयनच ६ वर २२ शून्ये इतके असतात. सेतू काढल्यावर घट थांबतो तो एवढ्या नगण्य असमतोलाने, कोणत्याही तराजूला किंवा रासायनिक परीक्षणाला कळणार नाही अशा. हा हिशेब फळ्यावर एकदा मांडून पाहावा; कोटी हा आकडा नगण्य ठरताना पाहून मुले चकित होतात आणि विद्युतबल किती प्रबळ असते याचा अंदाज त्यांना प्रथमच येतो.

सेतूत पोटॅशिअम क्लोराइडच का, हे थोडक्यात: पोटॅशिअम आणि क्लोराइड या आयनांचा वेग जवळपास सारखा असतो, त्यामुळे दोन्हीकडून भाराची वाहतूक समतोल राहते. चांदीच्या अर्धघटाला मात्र हा सेतू चालत नाही, कारण सिल्व्हर क्लोराइडचा साका बसतो. तिथे पोटॅशिअम किंवा अमोनिअम नायट्रेट घ्यावे.

यापुढचा प्रश्न फार कमी विद्यार्थी विचारतात, पण जे विचारतात त्यांना आपण बहुधा गप्प करतो. विरुद्ध भार एकमेकांना आकर्षतात, म्हणून धन आयन ऋण इलेक्ट्रोडकडे जातो, असे आपण शिकवले. डॅनिएल घटात तांब्याची पट्टी धन असते. तरीही तांब्याचे धन आयन, आणि सेतूतून येणारे पोटॅशिअमचे धन आयन, तिच्याच दिशेने का जातात? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि कॅटायन (म्हणजे धन आयन) कॅथोडकडे जातो म्हणून, हे त्याचे उत्तर नाही. ती केवळ नावांची पुनरुक्ती झाली.

याचे उत्तर असे, की दोन टोकांमधील विभवाचा फरक द्रावणभर पसरलेला नसतो. तो मुख्यत्वे धातू आणि द्रावण यांच्या सीमेवर, काही रेणूंच्या जाडीच्या थरात सामावलेला असतो. मी इथे कृष्णेवरच्या टेंभू किंवा म्हैसाळसारख्या उपसा सिंचन योजनेचे उदाहरण देतो. नदीचे पाणी शेवटी नदीपेक्षा कितीतरी उंचावरच्या शिवारात पोहोचते; पण ते सबंध वाटेने चढत नसते. पंपगृहापाशी ते एकदम वर उचलले जाते आणि पुढच्या पंपगृहापर्यंत कालव्यातून उतारानेच वाहते. घटातही दोन सीमांवर घडणाऱ्या अभिक्रिया ही दोन पंपगृहे आहेत आणि मधले द्रावण हा कालवा. जस्ताच्या बाजूला नवे धन आयन सतत येत असतात, तांब्याच्या बाजूचे धन आयन सतत काढून घेतले जात असतात, त्यामुळे धारा वाहताना द्रावणात जस्ताकडून तांब्याकडे हलका उतार तयार होतो आणि धन आयन त्या उतारानेच जातो. अधिक आणि उणे ही चिन्हे बाहेरच्या तारेला काय दिसते ते सांगतात. द्रावणातल्या आयनाला तांब्याच्या पट्टीवरचे अधिक चिन्ह दुरून दिसत नाही. संपूर्ण वर्गाला हे शिकवावे असे मी म्हणणार नाही, पण शिक्षकाला हे ठाऊक असलेच पाहिजे. ठाऊक नसेल तर तो विद्यार्थ्याची बरोबर शंका चुकीची ठरवतो, आणि त्यासारखे दुसरे नुकसान नाही.

विद्युत अपघटनातील एक समजूत अशी, की विद्युतधारा संयुगाचे तुकडे करून आयन बनवते. नावातच अपघटन आहे, तेव्हा मुलांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. इतकेच नव्हे, एकोणिसाव्या शतकात दीर्घकाळ जाणत्या शास्त्रज्ञांचेही मत साधारण असेच होते. आयन द्रावणात आधीपासूनच वेगळे असतात, विद्युतधारा नसतानाही असतात, ही कल्पना स्वान्ते अर्‍हेनिअस यांनी १८८० च्या दशकात मांडली. १८८४ मधील त्यांच्या प्रबंधाला उप्सालामध्ये फारशी चांगली श्रेणी मिळाली नव्हती आणि १९०३ मध्ये त्याच विचाराच्या जोरावर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपली चूक एकेकाळी मोठ्यांचीही होती, हे कळल्यावर विद्यार्थी ती लपवत नाही.

त्याहून अधिक गुण घालवणारी चूक म्हणजे पाण्याला विसरणे. मिठाच्या द्रावणाचे अपघटन विचारले की कॅथोडवर सोडिअम मिळते असे बिनदिक्कत लिहिले जाते. सोडिअमचे प्रमाण क्षपण विभव उणे २.७१ व्होल्ट आहे. त्यापेक्षा पाण्याचे क्षपण कितीतरी सोपे, म्हणून हायड्रोजन निघतो आणि कॅथोडजवळ द्रावण अल्कधर्मी होते. हे दाखवायला महागडे साहित्य लागत नाही. मिठाच्या पाण्यात हळद कालवून त्यात गाळणकागद भिजवावा आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन तारा त्यावर थोड्या अंतराने टेकवाव्यात. ऋण टोकाशी कागद लालसर होतो. कुंकू हळदीपासून कसे करतात हे घरात पाहिलेल्या मुलांना त्या लाल रंगाचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. अ‍ॅनोडवर मात्र तक्ता पुरत नाही. विभव पाहता ऑक्सिजन आधी निघायला हवा, कारण त्याला १.२३ व्होल्ट आणि क्लोरीनला १.३६ व्होल्ट, प्रत्यक्षात संहत द्रावणातून क्लोरीन निघतो, कारण ऑक्सिजन निघण्याची अभिक्रिया संथ असते आणि तिला बरेच जादा विभव द्यावे लागते. तक्ता दिशा सांगतो, वेग सांगत नाही, हे शिकवण्याची ही उत्तम जागा आहे.

हाच मुद्दा अ‍ॅल्युमिनिअमने अधिक ठसतो. त्याचे विभव उणे १.६६ व्होल्ट, म्हणजे तक्त्यानुसार ते मोरचुदाच्या द्रावणातून तांबे झपाट्याने बाहेर काढील. फॉइलचा तुकडा टाकून पाहिला तर बराच वेळ काहीच घडत नाही, कारण त्यावर ऑक्साइडचा चिवट थर असतो. त्यात चिमूटभर मीठ टाकावे. क्लोराइड आयन तो थर भेदतात आणि थोड्याच वेळात द्रावण तापून फॉइलवर तपकिरी तांबे बसू लागते. लोणचे अ‍ॅल्युमिनिअमच्या डब्यात ठेवू नये हा घरातला नियम त्याच मिठाचा आणि आंबटपणाचा आहे.

तक्त्यातील आकड्यांविषयी दोन उलट्या चुका होतात आणि दोन्ही एकाच मुळाशी जातात. तांबे आणि चांदी यांच्या घटात चांदीचे समीकरण दोनने गुणावे लागते, म्हणून तिचे ०.८० व्होल्टही दोनने गुणले जातात आणि ०.४६ ऐवजी १.२६ उत्तर येते. याउलट फेरिक (तीन धन भारांच्या लोखंडाच्या) आयनापासून लोखंड मिळण्याचे विभव विचारले, की फेरिकपासून फेरस (दोन भारांचा) आयन होण्याचे ०.७७ आणि फेरसपासून लोखंड होण्याचे उणे ०.४४ यांची सरळ बेरीज करून ०.३३ लिहिले जाते. विभव म्हणजे दर कुलोममागची ऊर्जा. गुणाकार आणि बेरीज ऊर्जेची होते, दराची नाही. बाजारात एकाऐवजी दोन किलो कांदे घेतले म्हणून किलोचा दर दुप्पट होत नाही. फेरिकच्या गणितात एक इलेक्ट्रॉन ०.७७ दराने आणि दोन इलेक्ट्रॉन उणे ०.४४ दराने आले. एकूण उणे ०.११, ते तीन इलेक्ट्रॉनांत वाटले की दर सुमारे उणे ०.०४ व्होल्ट. आधीच्या घटात अशी अडचण येत नाही, कारण तिथे दिलेले आणि घेतलेले इलेक्ट्रॉन सारखेच असतात. हायड्रोजनच्या शून्याबद्दल एवढेच, की ते समुद्रसपाटीसारखे मानलेले शून्य आहे. कळसूबाईची १,६४६ मीटर उंची जशी कुठून तरी मोजावी लागते, तसेच. हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉन देण्याची वा घेण्याची प्रवृत्तीच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

संपलेल्या घटाबद्दल विचारले की दोन ठरलेली उत्तरे येतात: प्रमाण विभव शून्य झाले, किंवा दोन्ही संहती समान झाल्या. प्रमाण विभव हा स्थिरांक आहे, तो घट संपल्याने बदलत नाही. आणि संहती समान असताना तर नर्न्स्टचे समीकरण घटाचे विभव पूर्ण १.१० व्होल्ट देते. ते समीकरण पाठ असलेल्या मुलालाही हे सुचत नाही, याचे मला अजून आश्चर्य वाटते. विभव शून्य होते तेव्हा समतोल आलेला असतो, आणि डॅनिएल घटाचा समतोल स्थिरांक सुमारे १० चा ३७ वा घात आहे. म्हणजे जस्त पुरेसे असेल तर तांब्याचे आयन जवळजवळ नाहीसे झालेले असतात. हे गणित मुलांकडून उलट्या दिशेने करून घ्यावे: आधी अंदाज लिहायला लावावा आणि मग आकडे घालायला सांगावे.

शिकवण्याच्या क्रमाविषयी माझा सल्ला असा. पहिले दोन तास अ‍ॅनोड, कॅथोड, अधिक, उणे यांपैकी एकही शब्द उच्चारू नये. कोणताही घट समोर आला की तीनच प्रश्न विचारावेत: इलेक्ट्रॉन कोण सोडतो, कोण घेतो, आणि द्रावणात भार कोण कोणत्या दिशेने वाहतो. घट चालण्यापूर्वीचे आणि तासाभरानंतरचे अशी दोन चित्रे प्रत्येकाकडून काढून घ्यावीत, त्यांत आयन मोजता येतील इतके थोडे असावेत, म्हणजे प्रत्येक पेल्यातील भारांची बेरीज शून्य येते का हे मुले स्वतः तपासू शकतील. चुकीच्या चित्रांची नावे न घेता फळ्यावर चर्चा करावी. बरोबर चित्रापेक्षा ती अधिक शिकवतात. नावे तिसऱ्या तासाला द्यावीत आणि चिन्हे सर्वांत शेवटी. यात दोन तास जादा जातात, अभ्यासक्रम मागे पडतो अशी तक्रार विभागप्रमुखांकडून येते, आणि ती मी अनेक वर्षे ऐकून घेतली आहे. ते दोन तास पुढे गणितांच्या वेळी परत मिळतात.

डॅनिएल घट आणि विद्युत अपघटन ही दोन स्वतंत्र प्रकरणे असल्यासारखी शिकवण्यापेक्षा, घरातल्या इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी घेऊन दोन्ही एकाच वस्तूत दाखवावीत. लाल खुणेचे टोक शिशाच्या डायऑक्साइडच्या पट्ट्यांचे आणि काळे सच्छिद्र शिशाच्या पट्ट्यांचे. प्रत्येक घटाचे सुमारे २ व्होल्ट आणि असे सहा घट मिळून १२. बॅटरी वापरली जात असताना डायऑक्साइडचे क्षपण होऊन लेड सल्फेट बनते, म्हणजे लाल टोक कॅथोड. भारित होत असताना त्याच पट्टीवर लेड सल्फेटचे ऑक्सिडीकरण होऊन पुन्हा डायऑक्साइड बनते, म्हणजे तेच टोक अ‍ॅनोड. या सगळ्यात लाल टोक धनच राहते, कोणीही येऊन त्याचा रंग बदलत नाही. लिथिअम-आयन बॅटरीविषयी वाचताना मुलांना एक गोष्ट खटकू शकते: त्या क्षेत्रातील लोक ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडला बॅटरी भारित होत असतानाही अ‍ॅनोडच म्हणतात. ती विद्युतधारा देतानाच्या स्थितीवरून पडलेली व्यवहारातली सवय आहे, हे आधीच सांगून ठेवावे.

तोंडी परीक्षेत मी शेवटचा प्रश्न याच बॅटरीवर विचारतो: इन्व्हर्टरचे लाल टोक अ‍ॅनोड की कॅथोड? बहुतेक मुले दोहोंपैकी एक शब्द पटकन सांगून मोकळी होतात आणि मग मला आणखी तीन-चार उपप्रश्न विचारावे लागतात. अधूनमधून एखादी मुलगी किंवा मुलगा थोडा थांबतो आणि मलाच उलट विचारतो, “सर, लाइट असताना की गेल्यावर?” त्या विद्यार्थ्याला मी उपप्रश्न विचारत नाही.